एका माणसाच्या शंभर पत्रावळी

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड. पाय मोकळे करायला निघावं एवढंच. ऑक्टोबर १९८६मध्ये या दोघांमधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे इंग्रजीची पाच अक्षरं! दहा हजार अक्षरांची फाइल अडीच सेकंदांत जायची, तिला आता तेहतीस मिनिटं. तेवढ्यात कुणी कागद हातात घेऊन, रमतगमत, तीनदा जाऊन आला असता.

तार तुटलेली नव्हती. माहितीचा छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवी, गर्दी वाढे, आणखी पॅकेटं हरवत. व्हॅन जेकबसनने १९८८मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की हात आखडता घ्यायचा, पोचत राहिली की थोडंथोडं वाढवायचं. पहारा कुणाचाच नाही, सगळा मामला भिडेचा.

गोची अशी, की या भिडेला माणूस दिसत नाही, कनेक्शन दिसतं. वाढपी पत्रावळीगणिक वाढत जातो. एकाने शंभर पत्रावळी मांडल्या तर? समजा, एक कोटी बिटांची लाइन दोन घरांत आहे. एक घर टॉरेंटवर शंभर कनेक्शनं उघडून बसलंय, दुसऱ्या घरातल्या आजी एकाच कनेक्शनवर नातवाशी बोलताहेत. पहिल्याला सेकंदाला ९९ लाख बिट, आजींना ९९ हजार. नातवाचा चेहरा चौकटीचौकटींचा होणार. आणि नियम कुणीच मोडलेला नाही!

जॉन नेगलने १९८५मध्येच सुचवलं होतं, की प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. पण मग लांबलचक पॅकेटं पाठवणाऱ्याची चंगळ. त्यावर १९९५मध्ये एम. श्रीधर आणि पवईच्या आयआयटीतून शिकलेले जॉर्ज व्हर्गीस यांनी किराणा दुकानाच्या वहीसारखी युक्ती काढली: दर फेरीला रांगेच्या खात्यात ठरावीक बाइट जमा, पॅकेट त्यात बसलं नाही तर शिल्लक पुढच्या फेरीला. रांगा कितीही असोत, पॅकेटमागचं काम वाढत नाही.

ते वाढून चालणारही नाही. सेकंदाला ४०० अब्ज बिट नेणाऱ्या लाइनवर सर्वांत लहान पॅकेटं आली तर सेकंदाला साडेएकोणसाठ कोटी येतात. एकेकाचा निकाल लावायला १.६८ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम हातभर जातो.

म्हणून अनेक ठिकाणी स्वस्तातला मार्ग धरतात, पोलिसिंगचा. रांगच नाही, कोटा संपला की पॅकेट फेकून द्यायचं. गूगलच्या सर्व्हरांवरून निघालेल्या पॅकेटांच्या २०१६मधल्या अभ्यासात, पोलिसिंग होतं तिथे पॅकेटं हरवण्याचं प्रमाण सरासरी सहापट आढळलं. कोटा गल्लीभराचा मिळून असेल, तर हा दंड कसा बसतो पाहा. टॉरेंटवाल्याचं एक पॅकेट फेकलं, तर शंभरातलं एक कनेक्शन दबकतं, नव्व्याण्णव सुसाट. आजींचं एक फेकलं, की त्यांचा अख्खा वेग निम्म्यावर.