स्वयंघूर्णन अवतरणावरील वाऱ्याचा परिणाम

इंजिन बंद पडलेल्या हेलिकॉप्टरचा रोटर खालून वर येणाऱ्या हवेच्या प्रवाहामुळे फिरत राहतो व हेलिकॉप्टर नियंत्रितपणे उतरवता येते. या क्रियेस स्वयंघूर्णन किंवा ऑटोरोटेशन म्हणतात. हुआन दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश अभियंत्याचे ऑटोजायरो १९२३ मध्ये याच तत्त्वावर उडाले होते. अशा अवतरणात हेलिकॉप्टर कोठे पोहोचेल आणि जमिनीला किती वेगाने टेकेल, हे बऱ्याच अंशी वाऱ्यावर ठरते.

अंतरावरील परिणाम

एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यामुळे खाली येण्याचा दर बदलत नाही. हेलिकॉप्टर हवेच्या सापेक्ष उडते आणि ती हवाच जमिनीवरून सरकत असते. त्यामुळे फरक पडतो तो जमिनीवरून कापलेल्या अंतरात. रॉबिन्सन आर४४ हेलिकॉप्टर सुमारे ९० नॉट हवावेगाने उतरताना वारा नसल्यास १,३०० फूट उंचीत साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किमी अंतर कापते. यास सुमारे ४० सेकंद लागतात. समोरून २० नॉटचा वारा असेल, तर तेवढ्याच वेळात अंतर जेमतेम १.४ किमी भरते. तोच वारा पाठीमागून असल्यास ते जवळपास २.३ किमी होते.

तरीही लांबवर नेणारा पाठीचा वारा उतरण्यासाठी सोयीचा नसतो. वाऱ्याकडे तोंड करण्यासाठी वळावे लागते आणि वळताना उंची अधिक झपाट्याने घटते.

जमिनीजवळील परिणाम

जमिनीजवळ आल्यावर वैमानिक नाक वर उचलून पुढचा वेग मोडतो. २० नॉटच्या सामोऱ्या वाऱ्यात जमिनीसापेक्ष वेग शून्य झाला, तरी रोटरला समोरून २० नॉटचा प्रवाह मिळत असतो व त्याची उचल टिकते. पाठीच्या वाऱ्यात हवावेग आधीच शून्यावर येतो आणि हेलिकॉप्टर मात्र २० नॉटने पुढे सरकत राहते. या अवस्थेत ते वेगाने खाली बसते, किंवा टेकताच उलटू शकते. शिवाय जमीन भराभर मागे जाताना दिसल्याने आपला वेग फार आहे असा भास होऊन वैमानिक हवावेग नको तितका कमी करतो.

जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वारा खाली मंदावतो. सामोरा वारा असा अचानक कमी झाला की हवावेग घटतो व खाली येण्याचा दर वाढतो. झोताच्या वाऱ्यात रोटरचे फेरेही कमी-जास्त होतात. ते फार घटल्यास पात्यांची उचल नाहीशी होते आणि इंजिनाविना ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. डोंगराच्या आडोशाला खाली येणारी हवा तर अवतरणाचा दर थेट वाढवते.

वाऱ्याची दिशा इंजिन चालू असतानाच ओळखून ठेवावी लागते. त्यासाठी धूर, धूळ व झाडांच्या फांद्या उपयोगी पडतात. तलावात ज्या काठालगत पाणी शांत दिसते, त्या बाजूने वारा येत असतो.