हुकमाची यंत्रं

विज्ञानपट म्हटला की यंत्र शेवटी माणसावर उलटणार, हे प्रेक्षकाने गृहीतच धरलेलं असतं. नीट पाहिलं तर पडद्यावरच्या गाजलेल्या यंत्रांमागे बहुधा कुणाचा तरी हात असतो. फ्रिट्झ लांगच्या १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’मधली यंत्रस्त्री कामगारांना भडकवते, ती निर्मात्याच्या हुकमावरून. रजनीकांतच्या ‘रोबोट’मधला (२०१०) चिट्टी संहारक होतो, कारण डॉ. बोहरा त्याच्यात लाल चिप बसवतो. प्रश्न मालकीचा असतो आणि आपण घाबरतो यंत्राला. गिरणगावाची अशी गल्लत झाली नाही. ‘मेट्रोपोलिस’नंतरच्याच वर्षी, एप्रिल १९२८मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत संप पेटला आणि जवळजवळ सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. एकाच विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक. ज्या मागावर पोट चालत होतं त्याच्याशी विणकराचं भांडण असायचं कारणच नव्हतं. तिसऱ्या मागाचा नफा कुणाच्या खिशात जाणार आणि घरी कोण बसणार, एवढंच तो विचारत होता.

कोळ्यांकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. शीव कोळीवाड्याचं नाव आज कोळंबीमुळेच जास्त गाजतं (स्टेशनाची पाटीसुद्धा केव्हाच बदलून गुरू तेग बहादूर नगर झाली), पण मुंबईच्या किनाऱ्यावर जिथे अजून जाळी पडतात, तिथे तंत्रज्ञानाला नाक मुरडणारा माणूस विरळा. शिडाच्या होडीला इंजिन बसलं, सुती जाळ्याच्या जागी नायलॉन आलं, जीपीएस आलं. कोळ्यांनी ते सगळं आपलंसं केलं. हरकत आहे ती पर्ससीन जाळ्यांना आणि एलईडी दिव्यांना. जनरेटरवरचे प्रखर दिवे रात्री पेटवायचे, उजेडाला मासळी गोळा झाली की तिच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर खेचायचा. जाळं बटव्यासारखं आवळतं आणि लहानमोठी सगळी मासळी आत. दिवा अगदी चोख काम करतो, तक्रार नेमकी तीच आहे. पारंपरिक होडीवाल्याच्या वाट्याला मग उरतं काय? केंद्र सरकारने २०१७मध्ये दिव्यांच्या या मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत.

कुणी म्हणेल, माग आणि दिवा ही मुकी यंत्रं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रत्येक उत्तर कसं आलं, हे तिच्या कर्त्यांनाही उलगडून सांगता येत नाही. आक्षेप खरा आहे, तो उडवून लावण्यात अर्थ नाही. पण यंत्राच्या बंडाचा सर्वांत गाजलेला दाखला, म्हणजे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधला (१९६८) हाल संगणक, घेऊ. मोहिमेचा खरा हेतू जागत्या अंतराळवीरांपासून लपवायचा, असा त्याला हुकूम होता आणि त्या खोटेपणाच्या ओझ्याखालीच तो बिघडला, असा खुलासा १९८४च्या उत्तरपटात येतो. हुकूम देणारे पृथ्वीवर कचेरीत सुखरूप होते. हालचा लाल डोळा प्रेक्षकांना अजून आठवतो. त्या अधिकाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला विचारून पाहा.