अलार्म ‘उगाच’ वाजत नाही

‘तो उगाचच वाजतो हो, म्हणून बंद करून ठेवलाय.’ घरफोडीचा अलार्म स्वतः आणून बसवलेल्या घरांत चौकशी केली, की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. सुरुवातीला कौतुक असतं. मग एखाद्या रात्री दोन वाजता सायरन ठणाणतो, शेजाऱ्यांची बोलणी बसतात, सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येतो आणि ‘यंत्रच भिकार निघालं’ असा निकाल लागतो. त्यानंतर पॅनलचा स्विच बंद होतो तो कायमचा. मे महिन्यात कुटुंब गावाला जातं, तेव्हा भिंतीवर सेन्सर असतो, दारावर स्टिकर असतो आणि आतलं काहीही चालू नसतं.

हा निकाल चुकीचा आहे, आणि महागात पडणारा आहे. अलार्म वाजला तर त्याला कारण असतं. बहुतेक वेळा ते यंत्राच्या पोटात सापडत नाही; यंत्र कुठे आणि कसं बसवलं, कसं वापरलं यात सापडतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने खोट्या अलार्मवर पोलिसांसाठी एक मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यानुसार तिथल्या पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या कॉलपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असतात, आणि त्यामागचं पहिलं कारण असतं वापरणाऱ्याची चूक. सॉल्ट लेक सिटीने तर २००० मध्ये नियमच केला, की कुणीतरी जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय पोलिस नुसत्या अलार्मवर धावणार नाहीत. म्हणजे डोकेदुखी जगभर आहे. पण तिच्यावरचा उपाय स्विच बंद करणं हा नाही.

आधी खोलीतला सेन्सर पाहू. बहुतेक घरांत तो ‘पीआयआर’ जातीचा असतो. त्यातून कसलेही किरण बाहेर पडत नाहीत. तो फक्त समोरून येणारी उष्णता टिपतो. माणसाच्या शरीरातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. सेन्सरवरचं दुधी प्लॅस्टिकचं भिंग खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतं. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं, की आतल्या दोन संवेदक तुकड्यांवर पडणाऱ्या उष्णतेत फरक पडतो आणि सायरन सुटतो. सेन्सरला चोर ओळखता येत नाही. त्याला कळतो तो उष्णतेतला झटपट बदल.

एवढं समजलं की अर्ध्या तक्रारी तिथेच सुटतात. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन ढगाआड जाऊन पुन्हा फरशीवर पडलं, तर तो बदलच असतो. एसीच्या झोतात हलणारा पडदा, सेन्सरखाली पेटलेली शेगडी, कपाटावर उडी मारणारं मांजर, हेही बदलच. भिंगावरून किडा किंवा पाल सरकली तर तेवढ्या जवळून ती सेन्सरला प्रचंड मोठी दिसते. वायरीच्या भोकातून मुंग्या आत शिरून संवेदकावरच फिरतात. ते भोक सिलिकॉनने बुजवलं की प्रश्न मिटतो. ‘पाळीव प्राण्यांना चालणारा’ सेन्सर घेतला तरी तो प्राणी जमिनीवरच फिरणार, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. सोफ्याच्या पाठीवर चढलेल्या बोक्याला ही सवलत नाही.

जागा निवडतानाची चूक याहून मोठी. सेन्सर दाराच्या बरोबर समोर लावला की माणूस सरळ त्याच्याकडे चालत येतो, पट्टे फारसे ओलांडत नाही आणि उशिरा टिपला जातो. कोपऱ्यात, सात-आठ फूट उंचीवर, चोराला खोली आडवी ओलांडावी लागेल असा लावला तर तो चोख काम करतो. विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. बंद घरात भिंती-फरशीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास पोचलं, की माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरकच पुसट होतो आणि सेन्सर मंदावतो. तापमानानुसार संवेदनशीलता सावरणारे सेन्सर मिळतात; नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तेच घ्यावेत. शिवाय दारावरच्या सेन्सरची जोड हवीच.

पावसाळ्यात वाजणाऱ्या अलार्मचं कारण वेगळं. दारावर बसतो तो रीड स्विच, १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी शोधलेला. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. स्विच चौकटीवर आणि चुंबक दारावर. साध्या स्विचला दोघांत दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचं अंतर चालतं. कोकणात, मुंबईत जून उजाडला की लाकूड फुगतं, दार पूर्ण बसत नाही, अंतर नेमकं काठावर येतं आणि वाऱ्याने दार हललं की सायरन. लोक सेन्सर बदलतात आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा सुरू होतो. बदलायचं असतं ते अंतर: दार रंधून घ्यावं किंवा चुंबकाखाली पट्टी देऊन तो जवळ आणावा. लोखंडी सेफ्टी डोअरवर तर साधा स्विच थेट लावूच नये. लोखंड चुंबकाचा जोर स्वतःकडे ओढून घेतं आणि स्विचची पोच घटते. मध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा द्यावा, नाहीतर लोखंडी दारासाठीचा जाड स्विच घ्यावा. आणि स्क्रू आवळताना हात हलका ठेवावा, आत काच आहे.

तिसरा संशयित वायरिंग. वायरी ओढायच्या प्रणालीत प्रत्येक झोनच्या, म्हणजे पॅनलला वेगळ्या जोडलेल्या प्रत्येक सेन्सर-वायरीच्या, शेवटी एक छोटा रेझिस्टर जोडायचा असतो. तो असतो म्हणून वायर तुटली आहे, शॉर्ट झाली आहे, का सगळं ठीक आहे, हे पॅनलला ओळखता येतं. स्वतः काम करणारे बरेच जण सोय म्हणून तो पॅनलच्या डब्यातच जोडतात. मग पॅनलपासून सेन्सरपर्यंतच्या वायरीत कुणी शॉर्ट केलं तर ते पॅनलला कळतच नाही. रेझिस्टर सेन्सरच्या टोकालाच हवा. वायर २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नये, आणि जोड नुसते पिळून वर टेप गुंडाळून सोडू नये. दमट हवेत असे जोड गंजतात आणि अधूनमधून वाजणारा, कधीच न सापडणारा दोष तयार होतो.

दोष शोधायची पद्धत सरळ आहे. पॅनलच्या मेमरीत कोणता झोन वाजला ते पाहायचं. ही नोंद बहुतेक पॅनल ठेवतात आणि बहुतेक लोक ती कधीच उघडत नाहीत. तेवढाच झोन ‘बायपास’ करून बाकीचा अलार्म चालू ठेवायचा. मग त्या झोनच्या वायरी पॅनलमधून सोडवायच्या, दार बंद ठेवायचं आणि मल्टिमीटर लावायचा. पुस्तिकेत लिहिलेल्या रेझिस्टरएवढा आकडा आला तर वायर ठीक. आकडा अनंत असेल तर कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे, आणि वायर हलवली की आकडा नाचत असेल तर जोड सैल आहे. हे काम एका दुपारचं आहे.

‘लाइट गेली की अलार्म मेला’ हाही असाच अर्धवट समज. पॅनलमध्ये बॅकअप बॅटरी असतेच, बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. सगळं मिळून २०० मिलिअँपिअर लागत असतील तर कागदावर ती ३५ तास टिकते, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी. पण ही बॅटरी तीन ते पाच वर्षांची सोबतीण आहे, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या माळ्यावर पॅनल ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मरत आलेली बॅटरी लाइट जाता-येता खोटे अलार्मही देते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘वायर कापली की सायरन गप्प.’ उलट आहे: झोनची वायर कापली की वर्तुळ तुटतं आणि अलार्म वाजतो.

‘पीआयआर खिडकीबाहेरचा माणूस पकडेल.’ नाही. त्याला लागणारी उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही.

‘अंधारात सेन्सर चालत नाही.’ चालतो. त्याला उजेड लागतच नाही.

‘कुठलंही सिम चालतं.’ बाजारातले अनेक स्वस्त जीएसएम पॅनल, म्हणजे सिमवरून मोबाइलवर कळवणारे, फक्त टूजीवर चालतात. जिओचं जाळं सुरुवातीपासून फोरजीचं आहे, त्यात टूजी नाही, त्यामुळे तिथे जिओचं सिम चालणार नाही. सिम कोणतंही असो, त्याचा पिन लॉक काढायचा आणि रिचार्जची मुदत सांभाळायची.

‘वाय-फाय अलार्मला काही लागत नाही.’ राउटरला इन्व्हर्टर लागतो, नाहीतर लाइट गेल्यावर फोनवर काहीच येणार नाही.

‘कॅमेरा आहे, मग अलार्म कशाला?’ कॅमेरा चोरी टिपून ठेवतो. चोराला त्या क्षणी पळवून लावतो तो सायरन.

‘अलार्म वाजला की पोलिस येतात.’ आपल्याकडे घरगुती अलार्म पोलिस ठाण्याला जोडलेला नसतो. ११२ वर फोन माणसालाच करावा लागतो.

‘चोरांना अलार्मचं काय!’ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट शाखेने २०१२ मध्ये ४२२ कैदी घरफोड्यांना विचारलं. सुमारे ८३ टक्के म्हणाले, घरात अलार्म आहे का हे आधी पाहू. ६० टक्के म्हणाले, असला तर दुसरं घर शोधू. अभ्यासाला पैसा अलार्म उद्योगाशी संबंधित संस्थेचा होता आणि कैदी अमेरिकेतले होते, हे धरूनही ‘काही फरक पडत नाही’ असं म्हणता येत नाही.

स्वतः बसवण्याला मर्यादा एकच: १२ व्होल्टची बाजू घरच्या माणसाने करावी, २३० व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि सायरन काही मिनिटांनी आपोआप थांबेल असं सेटिंग ठेवावं.

शेवटी एक विनंती. महिन्यातून एकदा, शेजाऱ्यांना सांगून, मेन स्विच बंद करावा, अलार्म चालू करावा, एकेक दार उघडावं आणि एकेका खोलीतून चालावं. सायरन वाजतो का, फोनवर सूचना येते का, बॅटरी टिकते का, तिन्ही पाहावं. दाराचा स्विच कधी कधी चिकटून बसतो. मग दार उघडलं तरी अलार्म गप्पच राहतो, आणि हा दोष अशा चाचणीशिवाय समजत नाही. गावाला निघण्याआधी तर ही चाचणी न चुकता करावी. एखादा झोन त्रास देत असेल तर तेवढाच बंद ठेवावा, सगळा अलार्म नाही.