सौर प्रकाश सापळा : दिवा पेटवण्याइतकेच विझवणेही महत्त्वाचे

सुरत म्हटले की कापडबाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र शेतीच्या इतिहासातही या शहराला मानाचे स्थान आहे. व्यापारी लागवडीसाठीचे जगातील पहिले संकरित कापूस वाण ‘हायब्रिड-४’ येथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केले आणि १९७० मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आले. आज जिल्ह्यात ऊस आणि भात ही पिके मोठ्या प्रमाणावर दिसतात. या पिकांचे काही मोठे शत्रू अंधारात उडणारे आहेत.

खोडकिड्याची अळी भाताच्या खोडात शिरली की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. उसाच्या मुळांवर जगणारी हुमणी तर जमिनीखालीच असते. त्यामुळे घाव घालायचा तो उडणाऱ्या पतंगावर आणि भुंगेऱ्यावर. सौर सापळ्याचे तत्त्व हेच आहे. दिवसा छोटे सौर पॅनेल बॅटरी भरते, सांजावताच दिवा आपोआप लागतो आणि त्याकडे झेपावलेले कीटक खालच्या साबणाच्या पाण्यात पडतात. शेतात वीजतार ओढावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय.

पण दिवा शत्रू-मित्र ओळखत नाही. किडींवर उपजीविका करणारे भुंगेरे आणि परोपजीवी गांधीलमाश्याही त्याकडे ओढल्या जातात. रात्रभर जळणारा सापळा शेताचे रक्षण करण्याऐवजी त्याचे रखवालदारच मारू शकतो. म्हणून सूर्यास्तानंतरचे पहिले तीन-चार तास दिवा चालवून तो बंद करावा, असा सल्ला दिला जातो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेलाच जमिनीतून बाहेर पडतात; त्यांच्यासाठी एवढा वेळ पुरेसा ठरतो. सापळा खरेदी करताना पॅनेलच्या आकारापेक्षा दिवा ठरावीक वेळी बंद होतो का, हे आधी पाहावे.

प्रत्येक किडीला हा उपाय लागू पडत नाही. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळाच अधिक भरवशाचा, कारण तो नेमक्या त्याच जातीच्या नर पतंगाला बोलावतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर नियंत्रणाचे उपाय योजण्याची वेळ आली असे मानतात.

गोव्यातील सरद आणि वायंगण भातशेतीलाही खोडकिडा आणि तपकिरी तुडतुडे अपरिचित नाहीत, आणि या दोन्ही किडी दिव्याकडे येतात. येथे सापळ्याचा पहिला उपयोग मारण्यापेक्षा मोजण्याचा. रोज सकाळी पात्रातील कीटक मोजून वहीत नोंदवले, तर किडीचा जोर वाढतो आहे की ओसरतो आहे हे कळते आणि अनावश्यक फवारणी टळते. पौर्णिमेच्या आसपासचे आकडे मात्र बेताने वाचावेत. चांदण्यात दिव्याचे आकर्षण घटते, म्हणून पात्र रिकामे दिसले तरी शेतात कीड असू शकते.