घरातली धूळ, खाणीतली धूळ

खाणीतला स्फोट म्हटलं की आपल्याला आधी वायू आठवतो. पण वेल्समधल्या सेंगहेनिद गावच्या युनिव्हर्सल खाणीत 1913 साली एवढी माणसं का मेली, हे समजून घ्यायचं तर कोळशाच्या धुळीकडे बघावं लागतं.

ही धूळ घरातल्या बायकांच्या रोजच्या ओळखीची होती. खाणीवर अंघोळीची सोय नव्हती. पुरुष काळेठिक्कर होऊनच घरी यायचे. मग शेगडीवर पाणी तापवायचं, पत्र्याचा टब भरायचा, पाठ चोळायची, कपडे झटकायचे. बाप आणि मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले, की हेच दिवसातून दोन-तीनदा.

14 ऑक्टोबरला सकाळी आठच्या सुमारास आत सुमारे 950 माणसं होती. मिथेन पेटला, ठिणगी बहुधा विजेच्या सिग्नल-घंटीची असावी. पहिल्या धक्क्याने जमिनीवरची, भिंतींवरची धूळ हवेत उडाली. मागून आलेल्या ज्वाळेने ती पेटली, त्या स्फोटाने पुढची धूळ उडवली. असं करत आग बोगद्यांतून धावत गेली. आगीतून वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना नंतर कार्बन मोनॉक्साइडने गाठलं. 439 कामगार आणि बचावासाठी उतरलेला एक जण गेला. मागे 200 हून जास्त विधवा आणि 500 हून जास्त पोरकी मुलं राहिली.

हे अचानक घडलं असंही म्हणता येत नाही. याच खाणीत 1901 च्या स्फोटात 81 जण गेले होते. 1911 च्या कायद्याने धूळ काढायला आणि हवेची दिशा उलटी करता येईल असे पंखे बसवायला सांगितलं होतं. पंख्याचं काम झालेलं नव्हतं, आणि धुळीच्या व्यवस्थेवर चौकशीत ठपका आला. शेवटी दंड किती? व्यवस्थापकाला 24 पौंड, कंपनीला 10.

त्याच कायद्यात अंघोळीच्या सोयीचंही कलम होतं. पण दोन तृतीयांश कामगारांनी मागणी करायची आणि निम्मा खर्च त्यांनीच सोसायचा, अशी अट! म्हणजे खाणीतली धूळ काढणं मालकाचं कर्तव्य, तेही कागदावर. घरात आलेली धूळ मात्र बाईने फुकट काढायची, नाहीतर कुटुंबाने पैसे मोजायचे. माझ्या मते दुर्घटनेचा हिशोब फक्त मृतांच्या आकड्यावर थांबवला, की हे दुसरं ओझं नजरेतून सुटतं.