उधारीचं पाणी, हक्काची जागा
शहराची नदी : भाग सहावा

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यात एक बातमी ठरलेली असते : भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद. या बातमीतला विनोद आता कुणाला जाणवतही नाही. रस्ता पात्रात आहे, तिथे नदी येणारच; पण आपण बोलतो असं, की जणू नदीनंच अतिक्रमण केलं. दक्षिण कोरियाच्या राजधानीनं, सोलनं, ही दरवर्षीची कटकटच मिटवून टाकली होती. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या ओढ्यावर स्लॅब टाकला, स्लॅबवर रस्ता केला आणि त्या रस्त्याच्या डोक्यावर आणखी एक रस्ता उभा केला. पंचेचाळीस वर्षं ओढा कुणाला दिसलाच नाही.

हा ओढा म्हणजे चंग्येचन. शहरातल्या नद्यांविषयीचं कुठलंही सादरीकरण उघडा, त्यात त्याचे दोन फोटो हमखास असतात. पहिल्यात काळवंडलेला उड्डाणपूल, दुसऱ्यात निळंशार पाणी आणि त्यात पाय सोडून बसलेली मुलं. मागच्या आठवड्यात आपण अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात नर्मदेचं पाणी पाहिलं. चंग्येचनची गोष्ट तिच्याहून लहान आहे, सगळी मिळून जेमतेम सहा किलोमीटरची, पण गुंतागुंत जास्त.

सोल १३९४ साली जोसन राजवटीची राजधानी झालं. आजूबाजूच्या डोंगरांवरून उतरणारे ओघळ शहरात एकत्र येत आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत. पुढे दुसऱ्या एका ओढ्याला मिळून ते पाणी हान नदीत जाई. कोरियात वर्षाचा बहुतेक पाऊस उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत पडतो. म्हणजे ओढा चार दिवस उधाणलेला आणि एरवी पात्रात पायही नीट भिजू नयेत इतका. आंबिल ओढ्याच्या काठी वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्रीपर्यंत त्या ओढ्याला पुण्यात निम्मे लोक नालाच म्हणत होते.

नाला की ओढा, हा वाद सोलमध्ये पंधराव्या शतकातच दरबारात रंगला होता. राजा सेजोंगच्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं, राजधानीतलं पाणी अशुद्ध असणं भूमीच्या लक्षणांना बाधक आहे, ओढ्यात घाण टाकायला बंदी करावी. दुसऱ्याचं म्हणणं, जिथे माणसं दाटीनं राहतात तिथे घाण होणारच आणि ती वाहून नेणारं काहीतरी लागणारच. राजाला दुसऱ्याचं पटलं. तो शहाणा राजा होता, कोरियन लिपी त्याच्याच काळात झाली; त्यामुळे हा निर्णय अडाणीपणाचा म्हणून मोडीत काढता येत नाही. शहर चालवायचं तर मैला कुठेतरी जायला हवा, एवढा साधा तो हिशेब होता. आपल्या महापालिकांचा हिशेब आजही तोच आहे, फक्त कुणी तो दरबारात उघड मांडत नाही.

याच सेजोंगनं १४४१ मध्ये एका पुलापाशी पाण्याची उंची मोजायला खुणांचा खांब बसवला. पुलाचं नाव पडलं सुप्यो, म्हणजे पाण्याच्या मापाचा पूल. पुढे तीनशे वर्षांत डोंगर बोडके झाले, गाळ साचत गेला आणि पात्र उथळ झालं. १७६० साली राजा योंगजोनं गाळ उपसायला काढला. नगरवासी आणि मजुरीवर घेतलेले लोक मिळून सुमारे दोन लाख माणसं, ५७ दिवस. (त्याच वर्षी सदाशिवरावभाऊ फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. जगाच्या एका टोकाला माणसं कशात गुंतलेली असतात आणि दुसऱ्या टोकाला कशात!) तळ कुठपर्यंत खणला याची खूण सुप्यो पुलाच्या खांबावर कोरून ठेवली, म्हणजे पुढच्यांना किती उपसायचं ते कळावं. शिवाय गाळ काढण्यासाठी कायमचं एक खातंही उघडलं. उपसलेल्या गाळाचे पूर्वेच्या वेशीजवळ डोंगर झाले आणि त्यांवर भिकाऱ्यांनी खोपटी केली. इतर कुणाला नको असलेली जमीन गरिबाच्या वाट्याला येते, ती अशी.

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं तेव्हा निर्वासितांच्याही वाट्याला तेच आलं. ओढ्यात खांब रोवून त्यांवर लाकडी झोपड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, खाली उघडं गटार. १९५८ मध्ये ओढा झाकायला सुरुवात झाली. झोपड्या हलवल्या, ओढा स्लॅबखाली गेला. १९६७ मध्ये उड्डाणपुलाचं काम निघालं आणि सत्तरच्या दशकात तो पूर्ण झाला. त्या पुलाचा लोकांना अभिमान होता, हे फोटोंच्या सादरीकरणात कुणी सांगत नाही. भुकेकंगाल देशानं जगाला दाखवलेली ती प्रगती होती. पुलाच्या सावलीत कपड्यांचे कारखाने आणि घाऊक बाजार वाढले. उभंही राहता येऊ नये इतक्या बुटक्या माळ्यांवर मुली शिलाई मशिनींवर राबत. त्या बाजारातला बावीस वर्षांचा शिलाई कामगार चॉन थे-इल यानं १३ नोव्हेंबर १९७० रोजी कामगार कायद्याच्या पुस्तकासकट स्वतःला पेटवून घेतलं. कोरियातल्या कामगार चळवळीचा इतिहास तिथून नव्यानं सुरू होतो. आज ओढ्यावरच्या एका पुलावर त्याचा पुतळा आहे.

मग हा अभिमानाचा पूल पाडला का? पर्यावरणाच्या प्रेमापोटी, असं म्हणायला छान वाटतं. खरं कारण भीतीचं होतं. १९९४ मध्ये सोलमध्ये सोंगसू पूल कोसळून ३२ माणसं गेली. १९९५ मध्ये साम्पुंग नावाचं भलंमोठं दुकान जमीनदोस्त झालं आणि ५०२ माणसं मेली. घाईनं बांधलेल्या शहराचा हिशेब चुकता व्हायला लागला होता. चंग्येचनवरच्या उड्डाणपुलाच्या आणि स्लॅबच्या पोटातली सळई गंजलेली आढळली, जड वाहनं बंद झाली, दुरुस्तीचा खर्च अफाट निघाला. दुरुस्त करायचा की पाडायचा, एवढाच प्रश्न उरला होता. २००२ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत ली म्युंग-बाक यांनी ‘पाडू आणि ओढा उघडू’ असं वचन दिलं. हे गृहस्थ ह्युंदाईच्या बांधकाम कंपनीचे माजी प्रमुख. आयुष्य सिमेंट ओतण्यात गेलेलं. ते निवडून आले. १ जुलै २००३ ला पाडकाम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर २००५ ला ओढा लोकांसाठी खुला झाला. सव्वादोन वर्षं! पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यात या ओढ्याचा वाटा मोठा होता.

आता गाड्यांचं काय झालं ते पाहू, कारण आपल्याकडे गाडी तिथेच अडते. खालचा-वरचा रस्ता मिळून रोज दीड लाखाच्या वर वाहनं जात होती. पूल पाडला तर शहर गुदमरेल, असं सगळ्यांनी सांगितलं. ते गुदमरलं नाही. रस्ता आहे म्हणून निघणाऱ्या बऱ्याच फेऱ्या असतात. रस्ता गेल्यावर एकजण मेट्रो धरतो, दुसरा लांबच्या वाटेनं जातो, तिसरा तीन कामं एका फेरीत उरकतो आणि चौथ्याच्या लक्षात येतं की जायची गरजच नव्हती. पण हे आपोआप झालं नाही. जुलै २००४ मध्ये सोलनं सगळी बससेवा नव्यानं बांधली : मार्ग बदलले, रंगांवरून बस ओळखता येईल असं केलं, बस आणि मेट्रोला एकच कार्ड आणलं आणि मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसच्या मार्गिका वाढवल्या. (पुणेकरांनी इथे एक उसासा टाकावा. बीआरटी आपल्याकडेही होती. आपण ती उखडण्यात वेळ घालवला.) ओढ्याच्या दोन्ही अंगांना गाड्यांसाठी दोन-दोन मार्गिकाच ठेवल्या. बाकीची रुंदी गाड्यांकडून काढून घेतली आणि पायी चालणाऱ्यांना दिली. चंग्येचनची खरी मर्दुमकी मला इथे दिसते, पाण्यात नाही.

कारण पाणी उधारीचं आहे. डोंगरांवरचे जुने ओघळ केव्हाच गटारांत बंदिस्त झाले होते. पात्र उघडलं तेव्हा वर्षातले बरेच महिने ते कोरडं राहणार हे उघड होतं. मग हान नदीतून पंपानं पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि ओढ्याच्या सुरुवातीला सोडायचं. त्यात भुयारी मेट्रोच्या स्थानकांत झिरपणारं पाणीही मिसळायचं. मिळून दिवसाला सुमारे १ लाख २० हजार टन. ते जमिनीत मुरू नये म्हणून तळाला अस्तर केलेलं. ओढा शेवटी हान नदीलाच मिळतो, म्हणजे नदीचं पाणी वीज खर्चून वर आणायचं आणि पुन्हा नदीत सोडायचं. टीकाकारांनी याला लांबलचक कारंजं म्हटलं, आणि ते खोटं नाही. सांडपाणी मात्र वेगळं काढलं आहे. दोन्ही काठांखालून मोठ्या गटारवाहिन्या जातात. पण त्या वाहिन्यांत मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकत्रच वाहतं. जोराची सर आली की वाहिन्या भरतात, काठाच्या भिंतीतल्या झडपा उघडतात आणि ते मिश्रण ओढ्यात येतं. भोंगे वाजतात, लोकांना वर काढतात, पायवाटा बंद होतात. कधी कधी दुसऱ्या दिवशी मासे मरून पडलेले असतात. सेजोंगच्या दरबारातला वाद सहाशे वर्षांनीही मिटलेला नाही.

‘तोजी’ ही बृहत्कादंबरी लिहिणाऱ्या पाक क्योंग-नी ओढा उघडावा या मताच्या होत्या. काम चालू झाल्यावर त्याच नाराज झाल्या. खोदकामात जुन्या पुलांचे पाये आणि दगडी काठ सापडत होते, थांबून नीट पाहू या असं अभ्यासक म्हणत होते, पण महापौरांची मुदत संपायच्या आत फीत कापायची होती. क्वांगथोंग पूल जुन्या दगडांनी पुन्हा उभारला, तोही वाहतुकीला अडचण नको म्हणून मूळ जागेपासून थोडा वरच्या अंगाला. या पुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४१० मध्ये राजा थेजोंगनं तो बांधला तेव्हा आपल्या सावत्र आईच्या समाधीचे कोरीव दगड काढून वापरले. सावत्र आईशी त्याचं हाडवैर. काही दगड तर उलटे बसवलेले, म्हणजे तिच्या समाधीवरचे ढग आणि देवता पाण्याच्या काठाला पालथ्या आणि वरून गावाचे पाय. पंचेचाळीस वर्षं स्लॅबच्या अंधारात राहिल्यामुळे कोरीवकाम मात्र शाबूत राहिलं. सुप्यो पूल परत आलाच नाही. ओढा झाकताना तो उचलून नेला, आता एका बागेत आहे. नव्या पात्रात तो बसत नाही, म्हणून.

इतकं सगळं असूनही उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक तिथे जातात. पायवाट रस्त्याच्या बरीच खाली आहे, त्यामुळे पायऱ्या उतरलं की गाड्यांचा आवाज डोक्यावरून निघून जातो आणि पाण्याचा ऐकू येतो. एका समांतर रस्त्यापेक्षा इथलं तापमान साधारण तीन ते सहा अंशांनी कमी भरलं आहे. पाणी गुडघाभरही नाही. मधे मधे दगडी टप्पे, त्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचं. तिकीट नाही. कचेरीतली माणसं डबा घेऊन येतात, म्हातारी मंडळी बूट काढून पाय बुडवतात. सुरुवातीला चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला खाली उतरता येत नव्हतं आणि वाटाही अरुंद होत्या. अपंगांच्या संघटनांनी भांडून ते वेशीवर टांगलं. जागा सार्वजनिक झाली की भांडणंही सार्वजनिक होतात, ते बरंच आहे.

पण किंमत कुणी मोजली? काठावर हजारो गाळेधारक होते. महापालिकेनं त्यांच्याशी चार हजारांवर बैठका केल्याचं सांगितलं जातं. त्यांच्यासाठी शहराच्या आग्नेय टोकाला ‘गार्डन फाइव्ह’ नावाचं प्रचंड संकुल बांधलं. ते उघडलं २०१० मध्ये आणि महाग, आडवळणी म्हणून फार थोडे तिथे गेले. पथारीवाल्यांना दोंगदेमूनच्या जुन्या क्रीडांगणात बसवलं. काही वर्षांतच ते क्रीडांगणही पाडलं आणि त्या जागी झहा हदीद यांनी रेखलेली चकचकीत इमारत आली. पथारीवाले दुसऱ्यांदा उठले. ओढा उघडला तसे आसपासचे जमिनीचे भाव चढले. सायकलीच्या सुट्या भागांपासून छपाईयंत्रांपर्यंत काहीही जुळवून देणाऱ्या गल्ल्या विरळ होत गेल्या.

आपल्याकडे मुळा-मुठेच्या काठासाठी ४४ किलोमीटरची योजना चालू आहे. तिच्या समर्थनार्थ चंग्येचनचे ते दोन फोटो दाखवतात तेव्हा मला गंमत वाटते. सोलनं रस्ता पाडून पात्राला जागा दिली. आपण पात्रात भराव टाकून काठाला जागा देतो आहोत. तिथल्या पाण्याचं बिल महापालिका भरते. इथे धरणाखाली मुठेत पावसाळा सोडून जे वाहतं ते कशाचं पाणी, हे म्हात्रे पुलावर उभं राहून नाकानंच ओळखता येतं. घडीव दगडाचे घाट आणि दिवे यांची नक्कल सोपी. नक्कल करायचीच तर पात्रातला रस्ता उचलण्यापासून करावी, पण तो विषय निघाला की सभागृहात सगळ्यांना अचानक वाहतूक कोंडीची आठवण येते.

ओढ्याच्या खालच्या टप्प्यात, पाण्यात, उड्डाणपुलाचे तीन खांब मुद्दाम न पाडता ठेवले आहेत. वर काहीच नाही, नुसते खांब. तुटलेल्या सळया दिसतात. त्यांच्या पायथ्याशी बगळे उभे असतात.

पुढच्या आठवड्यात म्युनिकची इझार. तिथे आठ किलोमीटरचा बांधलेला काठ फोडायला अकरा वर्षं लागली.