देवघराचीं फुलें वेळेवर कशीं मिळतील?

देवपूजेस फूल नाहीं असा दिवस आमच्या घरीं वर्षांतून क्वचितच येतो. परंतु जेव्हां येतो तेव्हां तो नेमका वैशाखांत येतो. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नांवाचें लहानसें स्टेशन आहे. नृसिंहाच्या देवळामुळें हें गांव या बाजूस सर्वांच्या परिचयाचें आहे. नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीस येते. त्या सुमारास या भागांत पारा बहुधा चाळीस अंशांच्या वर असतो, काळी जमीन भेगाळलेली असते आणि विहिरीनें तळ दाखविलेला असतो. चार वर्षांपूर्वीं अशाच एका जयंतीस आमच्या मोठ्या काकूंना परडींत नुसत्या तुळशीच्या मंजिऱ्या घेऊन दर्शनास जावें लागलें. परत आल्यावर त्या रागावल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, “अरे, दर पावसाळ्यांत तुम्ही एवढें बीं पेरतां, मग उन्हाळ्यांत देवाला एक फूल कां मिळूं नये?”

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आपल्याकडे फुलझाडांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. झेंडू, तेरडा, शेवंतीसारखीं दिसणारीं ॲस्टरें हीं हंगामी झाडें होत. एका मोसमांत उगवतात, फुलतात, बीं धरतात आणि मरतात. दुसरा वर्ग बहुवर्षायु झाडांचा. यांचें मूळ अगर बुंधा जमिनींत टिकून राहतो व तें झाड वर्षानुवर्षें फुलतें. हंगामी झाडाचा उन्हाळ्यांत भरंवसा नाहीं. तेव्हां वैशाखांत फूल हवें असेल तर बहुवर्षायु झाडांकडेच वळलें पाहिजे. यावर सामान्य समजूत अशी कीं, असलीं झाडें बियांपासून करूं गेल्यास दोन-तीन वर्षें वाट पाहावी लागते, म्हणून तयार रोपेंच विकत आणावींत. पारिजातकासारख्या वृक्षाविषयीं ही समजूत खरी आहे. परंतु गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली आणि अबोली या चार झाडांविषयीं ती खरी नाहीं. हीं चारही बहुवर्षायु आहेत, आणि बीं वेळेवर पडल्यास चारही पहिल्याच वर्षीं फुलतात.

येथें “वेळेवर” या शब्दांत सगळें मर्म आहे. आपण मृगाचा पाऊस पडल्यावाचून बियांच्या पुडीस हात लावीत नाहीं. मग रोपें आषाढांत वर येतात, श्रावण गेल्यावर कोठें एखादी कळी दिसते, आणि गौरीगणपतींना बाजारांतून फुलें आणावीं लागतात. थंड देशांतील माळी यापेक्षां शहाणे. बाहेर बर्फ असतांनाच ते घरांतील उबेंत बीं रुजवितात आणि हिमाचें भय टळतांच आठ-दहा आठवड्यांचीं रोपें बागेंत लावतात. त्यांना थंडी चुकवावयाची असते, आपणांस ऊन; पण युक्ति एकच. आभाळाची वाट न पाहतां आडोशास रोप तयार ठेवावें आणि आभाळ अनुकूल होतांच तें जमिनींत द्यावें. मात्र त्यांची युक्ति घ्यावी, त्यांचें बीं घेऊं नये. चित्रांच्या मोहानें डेल्फिनियमसारख्या शीत देशांतील झाडांचें बीं मागविणारे हौशी लोक आहेत. त्यांतील कित्येक जातींच्या बियांना थंडी भोगल्याखेरीज नीट अंकुरच फुटत नाहीं. मराठवाड्याच्या उष्म्यांत ते पैसे मातींत गेले असें समजावें.

आतां एकेका झाडाचा स्वभाव पाहूं.

गोकर्णाचें बीं टणक असतें. वरचें कवच पाणी आंत शिरूं देत नाहीं, म्हणून तसेंच पेरल्यास कांहीं बिया चटकन उगवतात तर कांहीं महिनाभर पडून राहतात. बीं खडबडीत फरशीवर हलकेंच घासावें आणि रात्रभर कोमट पाण्यांत भिजवावें. सकाळीं जें फुगलें असेल तें पेरावें. न फुगलेलें पुन्हां घासावें. आठवडा-दीड आठवड्यांत अंकुर दिसतो आणि साधारणतः दोन-अडीच महिन्यांत वेल फुलूं लागतो. हा वेल शेंगवर्गांतील असल्यामुळें आपल्या मुळांवरील गांठींच्या योगें हवेंतील नत्र मिळवितो. त्यास फार खत घातल्यास पानेंच माजतात आणि फूल लांबतें.

गुलबक्षीचें काळें, सुरकुतलेलें, मिऱ्यासारखें बीं मुलांच्या परिचयाचें असतेंच. तें रात्रभर भिजवून बोटाच्या पेराएवढें खोल पेरावें. झाड पहिल्याच वर्षीं जमिनींत गड्डा करतें. वरचा भाग वाळला तरी त्या गड्ड्यांतून पुन्हां फुटतें. फुलें सायंकाळीं उमलतात व सकाळीं मिटतात, म्हणून तीं सांजवातीच्या वेळेस उपयोगी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यानें १९०९ सालीं याच झाडाच्या चित्रविचित्र पानांवरून दाखवून दिलें कीं, कांहीं गुण संततींत केवळ आईकडूनच उतरतात. आमच्या वहिनींना या लेखांतील एवढी एकच गोष्ट निर्विवाद पटली आहे.

सदाफुलीचें बीं मोहरीहूनही बारीक, आणि त्यास उगवण्यास अंधार लागतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बीं वर वर न टाकतां त्यावर पाव इंच चाळलेली माती पसरावी आणि अंकुर दिसेपर्यंत कुंडीवर गोणपाट झांकावें. अंकुर दिसतांच तें काढावें. सुमारें तीन महिन्यांत फूल येतें. पाणी कमी पडलेलें हें झाड सोसतें, अधिक झालेलें सोसत नाहीं. काकूंचा प्रथम या फुलास आक्षेप होता, कारण ती मूळची माडागास्कर बेटांतील. पण गुलबक्षी अमेरिकेची, आणि ज्यावांचून दसऱ्याचें तोरण होत नाहीं तो झेंडूही मेक्सिकोचा, असें सांगितल्यावर त्यांनीं सदाफुलीसही घरांत घेतलें. मात्र सदाफुली व गुलबक्षीचें बीं यांत विषारी द्रव्यें असतात; लहान मुलांच्या तोंडांत जाणार नाहीं अशी खबरदारी ठेवावी.

अबोली आपल्याच दक्षिणेची. तिचीं बोंडें वाळलीं कीं पाणी लागतांच तडकतात आणि बीं दूर उडतें. म्हणून तीं कागदाच्या पिशवींत घालून मग ओलीं करावींत. बीं ताजें असावें, आणि धीर असावा. कांहीं बिया तीन आठवड्यांत उगवतात, कांहीं दीड महिन्यानें. पहिला गजरा दिवाळीच्या आगेंमागें मिळाला तर समाधान मानावें.

पहिल्या वर्षीं आमची फजिती झाली ती मातीमुळें. अंगणांतील काळी माती कुंडींत भरली, झारीनें सपाटून पाणी घातलें, आणि तिसऱ्या दिवशीं वर अशी खपली धरली कीं कोंब खालीं वांकडे झाले. जे वर आले ते बुंध्याशीं कुजून कोलमडले. तेव्हांपासून एक भाग काळी माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत असें चाळून घेतों. कुंडीच्या बुडास भोंक व त्यावर खापर हवेंच. पाणी सकाळीं एकदांच घालावें, आणि तेंही माती वरून सुकल्यावर. सकाळचें कोंवळें ऊन मिळेल पण दुपारचें लागणार नाहीं अशी जागा असावी. आमच्याकडे ती परसांतील कडुनिंबाखालीं आहे. चार खरीं पानें आल्यावर रोपें वेगळालीं करावींत, आणि मृगाचा पाऊस नीट मुरल्यावर उघड्या उन्हाच्या जागीं उंचवटा करून लावावींत. काळ्या जमिनींत पाणी सांचतें व मुळें कुजतात.

पेरणी आम्हीं नृसिंहजयंतीच्या सुमारासच करूं लागलों. दुसऱ्या वर्षीं कुंड्या भरीत असतां काकूंनीं मला अडविलें. “माणसांना घागर-घागर मोजून पाणी, आणि तूं तें मातींत ओततोस?” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. १९७२ चा दुष्काळ त्यांनीं पाहिला आहे, आणि २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें हें तर आपण सर्वांनींच पाहिलें. त्या दिवशीं मीं हिशेब मांडला. चाळीस रोपांच्या उथळ कुंडीस रोज एक तांब्या पाणी पुरतें, आणि तें तांदूळ व भाजी धुतलेलें असलें तरी चालतें. ही मेहनत महिनाभराची. पुढें पाऊस आपला भार उचलतो. काकूंनीं हिशेब मान्य केला, पण एक अट घातली. ज्या वर्षीं गांवांत टँकर येईल त्या वर्षीं पुडी फोडावयाची नाहीं. ही अट मला पूर्णपणें योग्य वाटते. कोरड्या जागीं ठेवलेलें गोकर्णाचें टणक बीं दोन-तीन वर्षें सहज टिकतें; देवही तोंवर थांबेल.

त्या वर्षीं श्रावणांतल्या सोमवारीं गोकर्णाचीं पहिलीं निळीं फुलें पूजेस आलीं, आणि गणपतींस सदाफुली भरपूर होती. पण खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याची. वर्षभरांत मुळें खोल गेलेलीं होतीं. माघांत झाडें थोडीं छाटलीं, बुंध्याशीं वाळल्या पाल्याचें आच्छादन केलें, आणि आठवड्यांतून दोन वेळां न्हाणीचें साबण नसलेलें पाणी आळ्यांत सोडलें. गोकर्णाचे दोन वेल वाळले. सदाफुली बहुतेक टिकली. नृसिंहजयंतीच्या सकाळीं परडी भरली असें म्हणणें अतिशयोक्ति होईल; तळ मात्र झांकला. काकूंनीं त्यांतून पांढरीं फुलें वेगळीं काढलीं, तुळशीच्या मंजिऱ्या वर ठेवल्या आणि कांहीं न बोलतां पोखर्णीस निघाल्या.

ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्षांतच बीं जमवावें. सदाफुलीच्या शेंगा पिवळट होतांच, त्या उकलण्यापूर्वीं, तोडाव्या. गोकर्णाच्या वेलावरच वाळूं द्याव्या. बीं सावलींत सुकवून कोरड्या राखेसह कागदाच्या पुडींत घालावें, पुडीवर झाडाचें नांव व महिना लिहावा आणि ती झांकणाच्या डब्यांत ठेवावी. शंका पडल्यास परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील जाणत्यांस विचारण्यांत संकोच मानूं नये. पुडी जपण्याचें काम घरांतील मुलांकडे द्यावें. आमच्याकडे तें धाकट्या पुतणीकडे आहे, आणि टँकर आला कीं नाहीं याची चौकशी सर्वांत आधीं तीच करते.